मोठ्याने मोजा

इंडियानातल्या त्या गावात सामानाचा ट्रक भाड्याने घ्यायच्या रांगेत लोर्ना उभी होती. तिच्यापुढे एक दणकट माणूस आणि त्याची बायको होती.

"हेड कोचला काढलं, तर तू का जायचं? तू तर कॉलेजच्या पोरांकडून नुसता व्यायाम करून घेतोस."

"तो गेला की त्याची सगळी माणसं जातात, कोलेट. बास्केटबॉलमध्ये असंच असतं. नवा येतो तो आपली माणसं घेऊन."

"मी अजून पडदेसुद्धा लावले नव्हते."

"बरं झालं. काढायला नकोत."

"हसू नकोस, व्हर्नन. पोरांना सांगितलंस?"

"काल जिमची किल्ली काढून घेतली. पोरांना भेटूही दिलं नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या पोराचा आवाज लोर्नापर्यंत येत होता.

"कोच, कुठे आहात? जिमला कुलूप आहे. आम्ही सगळे बाहेर उभे आहोत."

"नुसते उभे राहू नका, अंग गार पडेल. तिथेच बैठका सुरू करा. जलील, तू गुडघा सांभाळून."

"तुम्ही येताय ना?"

"मोठ्याने मोजा. मला ऐकू आलं पाहिजे."

"पुढे कोण आहे?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

कोलेटने नवऱ्याकडे पाहिलं, मग मागे वळून लोर्नाला म्हणाली, "तुम्ही जा. त्यांचं मोजून व्हायचंय अजून."