केस गळत नाहीत हो याचे!

...आणि वर ती कुत्रेवाली बाई फोनवर मलाच समजावते, 'ताई, केस गळत नाहीत हो याचे!' अहो, गळत नाहीत हे कळलं, पण मग माझ्या घरात एवढं शिंकतंय कोण?

तुम्हाला सांगते, माझी सहा वर्षांची लेक... जिन्यातून मांजर नुसतं गेलं तरी हिचे डोळे सुजून लालबुंद. आणि हट्ट काय, तर कुत्रंच हवं. मी मासे सुचवले. म्हणाली, 'माशांना कुशीत घेता येत नाही.' बोला आता! डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी केसांची नसतेच, कातडीच्या कोंड्याची नि लाळेची असते; कमी गळणारं घेतलंत तरी खात्री नाही, आधी आजमावून बघा. मी पडले शिकलेली. त्या बाईकडून पिल्लाचा कळकट टॉवेल आणला आणि आठ दिवस लेकीच्या उशाला ठेवला. मग नवऱ्याच्या. मग सासूबाईंच्या खुर्चीवर. त्या म्हणाल्या, 'तुझी नाही झाली ॲलर्जी, तर टॉवेलाची काय होतेय!' सगळ्यांच्या शिंका वहीत मांडल्या. शून्य, शून्य, शून्य. मी? मी तो टॉवेल हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून इकडून तिकडे नेत होते ना!

आलं कुत्रं. केस गळत नाहीत, खरंच नाहीत, खोटं कशाला बोलू? लेक त्याच्या पोटावर गाल टेकून खुशाल झोपते. आणि मी... दुसऱ्या दिवसापासून मिक्सर लावून शिंकते. रिकामा मिक्सर! कळलं तर कुत्रं परत जाणार, आणि त्या गालाखाली काय ठेवू, सांगा? मासा?

अकराव्या दिवशी लेक माझीच वही घेऊन समोर उभी. नव्या पानावर वाकड्या अक्षरात 'आई', आणि पुढे रेघाच रेघा.

'आई, आता ह्याला परत द्यायचं?'

'छे गं. फोडणीचा ठसका होता तो.'

'मिक्सरमध्ये फोडणी?'

संध्याकाळी बघते तर माझ्या उशाला तिचं नाकात मारायचं औषध.

आता डॉक्टरांनी मलाच गोळ्या दिल्यात, कुत्र्याला माझ्या खोलीत बंदी आहे, म्हणजे खरं तर मलाच बाकीच्या घरात. काल केर काढला, तर केसांचा हा एवढा पुंजका! म्हटलं, सापडली ती बाई! फोन लावायला घेतला आणि पुंजका उजेडात धरला... लांब, काळे, सरळ. काळजीनं गळलेले. माझेच.

त्याचे? छे हो. त्याचे केस गळत नाहीत.