नापासांची हॉकी टीम

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. अकोल्यात माझं कापडाचं दुकान होतं आणि बाजारातल्या पोरांची हॉकी टीमही मीच चालवायचो. ज्युनियर लीगमध्ये आम्ही दरवर्षी कॉलेजकडून हरायचो. एका साली नवा नियम आला, नापास झालेल्यानं कॉलेजकडून खेळायचं नाही. जूनमध्ये निकाल लागला आणि त्यांचे चार पट्टीचे खेळाडू माझ्या दुकानात हजर.

"शेठजी, आमाले घेता काय?"

घेतले! त्या हिवाळ्यात कॉलेजवर पाच गोल चढवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे खेळाचे सर दुकानात आले.

"शेठजी, आमच्यापाशी एक गोलकीपरच धड राहिला. त्याले तरी हात लावू नका."

"मी कायले लावतो, सर? त्याचं गणित कसं आहे?"

"कच्चं आहे."

"मंग मी जूनपर्यंत थांबतो."