तपकिरी बोकडाची साक्ष

तपकिरी! तपकिरी होता हो तो बोकड, तुम्हाला सांगतो! पाठीवर जरा काळपट, पण तपकिरी! आणि हे सांगायला माझ्याहून लायक माणूस अख्ख्या अथेन्समध्ये दुसरा नाही, कारण त्यानं शिंग मारलं ते माझ्याच मांडीला, अजून वण आहे, दाखवू का?... बरं, राहू दे. आणि लोक मला शिकवतात, म्हणे पांढरा होता! मला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. थोडक्यात सांगतो.

आमच्या भिंतीला भिंत लावून मीकिओन राहतो. दोर वळतो. अबोल म्हणजे किती अबोल? माझं खारवलेल्या माशांचं दुकान, सकाळपासून तोंड चालू, आणि हा दिवसभरात बोलणार काय, तर "हं." दोर वळणारा माणूस उलटा चालतो ना, कमरेला तंतू गुंडाळून, पीळ देत देत मागे मागे... तर हा आयुष्यभर तसाच, जगाकडे तोंड आणि तोंडात अक्षर नाही. आणि एकदा बोलला तर काय झालं बघा!

दिओखारीस म्हणून त्याच्या मूळ गावचा पुढारी. त्यानं नव्या वेदीसाठी भलामोठा दगड आणला, आणि ओढायला मीकिओनचा दोर उचलला. मीकिओन म्हणाला, "हा खाटेचा दोर आहे. दगडाचा नाही." दिओखारीस म्हणाला, "तू मला शिकवणार?" तुटला दोर. दगड निघाला उतारावरून, गावासमोर, सणाच्या दिवशी, तो थेट दिओखारीसच्याच डुकरांच्या खुराड्यात! गाव हसलं. मीकिओनसुद्धा हसला. तेवढं नको होतं हो हसायला.

पुढच्याच गावसभेत नागरिकांच्या नावांची यादी वाचताना दिओखारीस उठला. "हा मीकिओन आपला नव्हेच! याचा बाप मान्तिआस म्हणजे जहाजावरून उतरलेला परका गुलाम. बोलणं तरी धड होतं का त्याचं?" हात वर झाले, नाव खोडलं. संपलं! आता एकच वाट, कोर्टात दाद मागायची. जिंकला तर अथेन्सकर. आणि हरला तर? हरला तर गुलाम म्हणून विकणार. बाजारचौकात दगडावर उभा करून, दात तपासून विकणार! माझ्या शेजाऱ्याला! त्याची बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही, नुसती म्हणाली, "भाऊजी, ह्यांना बोलता येत नाही हो."

आणि कोर्टात तर ज्याचं त्यानंच बोलायचं. म्हणून गेलो नौसिक्लीसकडे. दाढीला तेल, बोटाला शाई, दुसऱ्यांची भाषणं लिहून देण्यात सगळ्या शहरात नाव. मी सहज गेलो होतो बरं का, सोबत म्हणून. तो मीकिओनला म्हणतो, "माझं भाषण लिहिलेलं वाटत नाही, हीच माझी ख्याती. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं, खलाशाला खलाशाचं. पहिलं वाक्य, 'अथेन्सकर मंडळी, मला बोलायची सवय नाही.' मग इथं अडखळायचं. इथं खोकायचं. खुणा केल्यात."

मी म्हटलं, "नौसिक्लीसशेठ, याच्या बापाचं मी सांगतो ना, आमचं सगळं एकत्रच, कुळाच्या सणाला जेव्हा तो बोकड..."

"थोडक्यात!"

"थोडक्यातच सांगतो. तर तो बोकड..."

"हे बघ, मासेवाल्या, तू साक्षीदार. तुझं वाक्य एक. 'होय, मी याच्या बापाला चांगला ओळखत होतो.' म्हणायचं आणि उतरायचं. तुझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला तर हा विकला गेलाच म्हणून समज."

आता असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार! गप्प बसलो. मी. तीन आठवडे!

तीन आठवडे मीकिओननं पाठांतर केलं. एका पिळाला एक वाक्य. उलटा चालतोय, पीळ देतोय, "मला बोलायची सवय नाही", पीळ, "पण माझे वैरी", पीळ... भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आमच्या बायकोला पाठ झालं. खोकण्यासकट! मीच म्हणालो, आता काय भीती नाही.

आणि तो दिवस उजाडला.

पाचशे एक पंच बाकांवर दाटीवाटीनं. कुणी चणे चघळतोय, कुणी सकाळीच पेंगतोय, आणि याच लोकांच्या हातात मीकिओनचा जीव! बोलायचा वेळ मोजायला पाण्याचं मडकं लावलं, धार सुटली, दिओखारीस आधी बोलला. काय तो आवाज! रडला काय, छाती काय बडवली! "अथेन्सकरांनो, उद्या परके तुमच्या लेकी मागतील!" बाकं गरजली.

मग मीकिओन चढला चौथऱ्यावर. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं हो, जे नौसिक्लीसच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नव्हतं, कुणाच्याच नव्हतं... त्याच्या हातात दोर नव्हता.

रिकामे हात. उघडतोय, मिटतोय.

"अथेन्सकर मंडळी, मला... बोलायची सवय नाही."

मागच्या बाकावरून एक ओरडला, "मग हे कुणी लिहून दिलं रे?" हास्याचा लोंढा! मीकिओन एक पाऊल मागे गेला. एक वाक्य बोलला. आणखी एक पाऊल मागे. आणखी एक वाक्य. टाचा चौथऱ्याच्या काठावर आल्या आणि मागे जायला जागा उरली नाही. थांबला. पाऊल थांबलं तशी जीभ थांबली. तुम्हाला सांगतो, एवढ्या माणसांत फक्त पाण्याची धार ऐकू येत होती. ती धार म्हणजे त्याचंच आयुष्य गळत होतं की नाही?... त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मधलं सगळं भाषण सोडून एकदम म्हणाला, "माझ्या शेजाऱ्याला बोलवा."

साक्षीदार बोलतो तेवढा वेळ मडक्याच्या भोकात बोळा. धार थांबली. मी चढलो. तो कुजबुजला, "दादा, सगळं पुसलं गेलं."

मी माझं वाक्य म्हटलं. "होय, मी याच्या बापाला चांगला ओळखत होतो."

मडक्याजवळच्या माणसाचा हात बोळ्याकडे गेला. मी उतरलो की धार सुटणार, आणि हा उभा राहणार तसाच, कोरा! काय करू? सांगा ना, तुम्ही काय केलं असतंत? म्हटलं, "थोडक्यात सांगतो..."

आणि सुरू झालो.

काय बोललो, देव जाणे! माशांचं बोललो. यंदाच्या मिठाचं बोललो. मान्तिआसच्या जबड्याचं बोललो, की बोलणं वाकडं का, तर लढाईत गोफणीचा दगड लागून जबडा मोडला, माझ्या बापानं खांद्यावर घालून आणला त्याला, परका म्हणे! आणि बोलता बोलता कमरेची दोरी सोडून गुपचूप मीकिओनच्या हातात कोंबली. एका हातानं अंगरखा धरलाय, दुसरा हात हवेत. कठड्यापलीकडून नौसिक्लीस मला गळा कापायच्या खुणा करतोय. इकडे मीकिओनची बोटं दोरीला पीळ द्यायला लागली, ओठ हलायला लागले... येतंय! अजून थोडं! मी विषय शोधतोय, विषय सापडेना, तेवढ्यात मांडीचा वण दिसला.

"तर तो बोकड!" मी म्हटलं. "कुळाच्या सणाला मान्तिआसनं या मीकिओनला आणलं, एवढासा होता, कुळात घ्यायला. तपकिरी बोकड वेदीपाशी उभा. आता तुम्हाला ठाऊकच आहे, ज्याला वाटतं हे पोर आपलं नाही, त्यानं बोकड वेदीपासून ओढून न्यायचा, की झाली हरकत. कुणी ओढला नाही. बोकड स्वतःच पळाला! मी होतो नऊ वर्षांचा, मध्ये आलो, हे बघा शिंग इथं लागलं! आणि मग दिओखारीसचे वडील धावले, बिचारे जाडे गृहस्थ, त्यांनी शिंगं धरून..."

"खोटं!" दिओखारीस ताडकन उठला. "माझ्या वडिलांचा काय संबंध? ते कुळाचे पुजारी होते! बोकड पळाला म्हणून धरून वेदीवर परत आणला, त्यात काय एवढं?"

चणे चघळणारा घास तोंडात धरून पुढे वाकला.

मग पहिल्या बाकावरचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "परत आणला? वेदीवर?... तुझ्याच बापानं?"

अहो, बाकं नाचली! चणे उडाले! मीकिओनला कुळात घेणारा खुद्द दिओखारीसचा बाप! मी उतरलो, बोळा निघाला, आणि मीकिओन दोरीला पीळ देत म्हणाला, "मला बोलायची सवय नाही. शेजाऱ्याला आहे." आणि बसला. उरलेलं पाणी तसंच वाहून गेलं.

मतं मोजली. मोठ्या फरकानं जिंकला! भर कोर्टात मीकिओन माझ्या गळ्यात पडला, आणि अंगरखा माझ्या हातातून सुटला, ते जाऊ दे.

आता ऐका खरं दुखणं. बाहेर आलो, तर गर्दी कुणाभोवती? नौसिक्लीसभोवती! "वा शेठ! काय मासेवाला लिहिलात! ते मिठाचं, ते भरकटणं, तो वण... अगदी खरा बावळट वाटला!" आणि हा गृहस्थ दाढीवर हात फिरवत म्हणतो, "बोकडावर फार मेहनत घ्यावी लागली." मी ओरडलो, "ते माझं होतं!" तर लोक हसले. "बघा, अजून भूमिकेतच आहे!"

महिन्याभरात त्यानं ते लिहून काढलं. आता व्यायामशाळेतली मुलं पाठ करतात. काल दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, "काका, बोकडाचं म्हणून दाखवा की." दाखवलं. तर म्हणतं, "चुकलात. पांढरा. लिहिलंय तसं." घरी आलो तर बायको म्हणते, "खरं सांगा, त्यांनीच लिहून दिलं होतं ना? नाहीतर तुम्ही कधी मुद्द्याचं बोलला असता?"

एक मीकिओन तेवढा जाणतो. त्याला भिंतीवरून हाक मारली, "मीकिओन, तू तरी सांग रे यांना, बोकड कुठल्या रंगाचा?" तो पीळ देत मागे मागे गेला, विचार केला, आणि म्हणाला, "मी एवढासा होतो, दादा."

म्हणून तुम्हाला सांगतो... जाऊ द्या. पुन्हा कुणी विचारलं तर थोडक्यात सांगतो. पांढरा होता.