पानं कापली, नावं गेली

...नाही, पण मला एक सांगा, अळीला कधी वेलांटी असते का हो? मी आपली कातरीनं कचाकच पानं कापतेय, आणि खाली टोपलीत एका पानावर काळं काहीतरी वळवळलं! म्हणजे वळवळलं नसेल, मला वाटलं. मी कातर फेकली, स्टुलावर चढले, वरून नीट पाहिलं, तर अळीला वेलांटी! शेजारी काना! मार्करनं लिहिलेलं नाव होतं ते. मग दुसऱ्या पानावर नाव, तिसऱ्यावर नाव... मी स्टुलावरच बसले.

आता तुम्ही म्हणाल, त्यात घाबरायचं काय? हेच! अगदी हेच मावशी म्हणते! तुम्हाला सांगते, मावशीच्या बागेत पाय ठेवायला जागा नाही इतक्या डे-लिली आहेत, प्रत्येकीच्या फुलाचा रंग निराळा, नाव निराळं. दरवर्षी ती गड्डे उकरते, सुटे करते, फाटकाशी टेबल मांडते, लोक रोपं नेतात, डब्यात जमेल ते टाकतात, आणि तो डबा जातो डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्याला. यंदा गड्डे काढून झाले आणि नेमकी दवाखान्याची गाडी दारात! तिकडची नर्स आजारी. मावशी निघाली मलमपट्ट्या करायला, आणि गाडीत चढता चढता मला म्हणते, ‘मुळं धू, पानं वीतभर ठेवून काप, टेबलावर मांड. नावं मी घातलीत सगळ्यांना. त्यात घाबरायचं काय?’

नावं घातलीत! कुठे घातलीत? मी गड्ड्यांत चिठ्ठ्या शोधतेय. चिठ्ठ्या भिजून जातात म्हणून ही बाई थेट पानांवर लिहिते, तेही शेंड्यांना! आणि कापायचे ते शेंडेच! पानं चिखलानं माखलेली, मला काय दिसणार? मी एम.ए. झालेय हो, पण ते पुस्तकाची पानं वाचून! शेवटचा गड्डा कापताना अळी दिसली, तोवर सगळे बोडके. तुकडे जुळवून पाहिले. सगळे सारखेच हिरवे!

फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...’ परत लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित...’ किती शांत असते हो ती फोनमधली बाई!

तेवढ्यात फाटकाशी रांग. पुढे टेलरकाकू, गळ्यात टेप तसाच. ‘काय ग, पिवळी कुठली यातली?’ मी म्हटलं, ‘काकू, यंदा... सरप्राइज आहे.’ ‘मला नको सरप्राइज, घरी नवरा आहे तेवढा पुरे. पिवळी दे!’

आणि मागून आले सर. निवृत्त हेडमास्तर, इस्त्रीचा शर्ट, हातात धुऊन आणलेली रिकामी कुंडी. त्यांच्या पत्नी, सगळे बाई म्हणायचे त्यांना, त्या वारल्या. बाईंनी लावलेला अख्खा वाफा पाइपलाइनवाल्यांनी उखडून फेकला. पूर्वी बाईंनीच मावशीला दिलेला एक तुकडा, तेवढाच काय तो उरलेला. ‘बाळ, आमच्या हिचं रोप काढून ठेवलंय ना? जर्दाळूच्या रंगाचं. मावशीनं कबूल केलंय.’

मनात आलं, उचलावं एक आणि द्यावं. कोणाला कळतंय? उचललंसुद्धा! पण त्यांनी कुंडी खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले हो... तान्हं बाळ घेताना करतात ना, तसे. झालं! मावशी, मार्कर, शेंडे, अळी, सगळं एका दमात बाहेर!

सर म्हणाले, ‘म्हणजे... आहे इथेच?’

‘हो सर.’

‘यातलंच एक?’

‘हो.’

‘मग सगळीच मला दे.’

अहो, रांगेत जो काय गलका उसळला! टेलरकाकू तर कमरेवर हात ठेवून, ‘वा! आणि आम्ही काय उन्हात वाळत घातलेले कपडे? सर, फुललं की रंग कळेलच की! ज्याच्याकडे जर्दाळू निघेल, त्यानं तुम्हाला आणून द्यायचं. त्यात घाबरायचं काय?’

सर हळूच म्हणाले, ‘एकच दिवस टिकतं हो ते फूल. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. हिचं पहिलं फूल मी कधी चुकवलं नाही.’

काकूंचे हात कमरेवरून खाली आले. म्हणाल्या, ‘मग सोपं आहे. ज्याच्या त्याच्या रोपाला पहिलं फूल आलं की त्यानं उजाडताच फोन करायचा. कुठलाही रंग असो! जर्दाळू निघालं तर सरांना लगेच तिथे न्यायचं!’

‘फोन कोणाला करायचा?’ मागून कोणीतरी विचारलं.

आणि सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

माझ्याकडे! जी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते! पण सरांच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणता येईना. सगळ्यांनी माझा नंबर घेतला. टेबल रिकामं झालं, डबा भरला. सरांनीही एक नेलं, कुठलंतरी, कुंडी छातीशी धरून. ‘असलं तर असलं,’ म्हणाले.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, तेव्हा मावशीनं फोन उचलला! ‘हं, बोल ग! हात अडकले होते पट्ट्यांत. गेली का रोपं?’

‘गेली मावशी. सगळी.’

‘शाबास! मग आवाज का असा तुझा?’

‘काही नाही ग,’ मी म्हटलं. ‘फक्त बहर संपेपर्यंत सकाळचा मला फोन करू नकोस. लागणार नाही.’