ओळखीचं चौथं वाक्य

धनीबाई : शेवटचं पुन्हा म्हन.

वर्षा : याडी, मले घाई आहे. दहा मिनिटांत स्पेनवरून त्या नोकरीवाल्या बाईचा फोन येईन.

धनीबाई : म्हनून तर म्हन. मी माय आहे तुही, परकी नाई.

वर्षा : मे यामो वर्षा. माझं नाव वर्षा. सोय दे ला इंदिया, मी भारतातली. सोय एन्फेर्मेरा, मी नर्स आहे. झालं.

धनीबाई : तू रोज चार वाक्यं म्हनते. महिना झाला, भाकरी थापता थापता ऐकून राह्यली मी.

वर्षा : चौथं साधंच आहे.

धनीबाई : नो तेंगो इखोस. काल बबिता अंगनात बाहुलीले हेच सांगे. मी पुसलं, म्हंजे काय व? तर म्हने, आई म्हनते, मले नाई माहीत.

वर्षा : तिनं कधी ऐकलं?

धनीबाई : तुह्या बाजूलेच झोपते ना ते. अर्थ सांग.

वर्षा : मले लेकरं नाईत.

धनीबाई : सहा वर्साची पोरगी हाय घरात.

वर्षा : स्पॅनिश क्लासच्या सरनं तसं म्हणायले सांगितलं. तिकडच्या वृद्धाश्रमाले मोकळी बाई पाहिजे. लेकरू आहे म्हटलं की त्यांना वाटते, हे सहा महिन्यांत रडत वापस जाईन. क्लासमधल्या नाहिदनं खरं सांगितलं, तिले दुसऱ्याच दिवशी नकार आला.

धनीबाई : तुह्या नवऱ्यानं, बादलनं, वणीत दुसरं घर मांडलं, तवा तिथल्या लोकाइले हेच सांगतलं. मले लेकरूबाळ नाई. तू तीन दिवस जेवली नव्हती.

वर्षा : मले त्याच्या रांगेत बसवू नको. मी तिच्यासाठीच चालली.

धनीबाई : ते समजते मले. पन उद्या तिले तिकडं नेशीन, तवा ते बी हे भाषा शिकन. मंग तिले समजन, बाहुलीले आपुन काय सांगे.

(फोन वाजतो.)

वर्षा : ब्वेनोस दीआस, सेन्योरा. मे यामो वर्षा. सोय दे ला इंदिया. सोय एन्फेर्मेरा.

फोनवरची बाई : मुई ब्येन. आल्गो मास?

धनीबाई : काय म्हनते?

वर्षा : आणखी काही सांगायचं आहे का, विचारते.

धनीबाई : मी काही बोलत नाई आता.

वर्षा : सी, सेन्योरा. तेंगो... तेंगो उना इखा.

धनीबाई : हे तर नवं हाय.

वर्षा : एक पोरगी आहे म्हटलं. तू हळू बोल.

धनीबाई : मंग ते काय करून राह्यली आता?

वर्षा : लिहून राह्यली काहीतरी, टाइप केल्याचा आवाज येते.

फोनवरची बाई : कोन क्येन से केदा ला निन्या?

वर्षा : पोरगी कोणापाशी राहीन म्हणते.

धनीबाई : सांग ना मंग. माह्याकडं काय पाहते?

वर्षा : कोन मि माद्रे. माझ्या आईपाशी.

फोनवरची बाई : इ कोमो से यामा?

वर्षा : बबिता, सेन्योरा. सी, बबिता... ग्रास्यास. आद्योस.

धनीबाई : ठेवला? काय झालं?

वर्षा : आठ दिवसांत कळवते म्हणे. हो बी नाई म्हटलं, नाई बी नाई.

धनीबाई : मंग आठ दिवस वाट पाहू.

वर्षा : नाई म्हटलं तर काय करू, याडी?

धनीबाई : दुसऱ्या जागी बी असंच सांगजो. शेवटी काय पुसलं तिनं?

वर्षा : पोरीचं नाव. दोनदा विचारून लिहून घेतलं.