आईची आरामखुर्ची

औषधांच्या खिडकीपुढची रांग हलत नव्हती. कडेवरच्या बाळाला थोपटत ती पुढच्या बापलेकीचं बोलणं ऐकत राहिली.

“सुतारकामाच्या वार्षिक प्रकल्पाला मी आईसाठी आरामखुर्ची करणार, बाबा.”

“खुर्ची? मागच्या वर्षीचं तुझं स्टूल अजून डुगडुगतंय, महाराणी.”

“म्हणून तर! आईच म्हणाली, यंदा नीट कर. आणि परीक्षेपर्यंत वेळ आहे की.”

“छोटंसं काहीतरी कर. कंगव्याची पेटी कर.”

“आईला केस कुठे उरलेत?”

“मग चष्म्याची कर.”

“ती काय, चार दिवसांत होईल!”

“म्हणूनच म्हणतोय.”

“डॉक्टर काय म्हणाले, बाबा?”

“पॉलिश वाळायला किती दिवस लागतात गं?”

“आठवडाभर.”

“मग बिनपॉलिशचीच दे तिला.”