भावाने दिलेलं ऑइल

...नाही, तुम्हीच सांगा, इतकी वर्षं वेळेवर घरी येणारा नवरा एकाएकी उशिरा यायला लागला, आणि विचारलं तर म्हणतो, “अगं, बाइक चढच चढत नाही!” आता मला सांगा, संशय येणार नाही का?

तोच चढ, तीच बाइक, तेच हे! आणि आताच तिला दम लागला? तुम्हाला सांगते, आमचं पुढचं दार असं कर्रर्र करून वाजतं की हे आले की स्वयंपाकघरात बसल्या बसल्या मला कळतं, आणि ते कर्रर्र रोज उशिराच व्हायला लागलं हो! यांच्या छापखान्यात फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, “वहिनी, ते तर कधीच निघाले.” कधीच! निघाले कधीच आणि पोचले नाहीत, मग मधल्या वेळात होते कुठे?

म्हटलं थांबा, आज मीच मागे बसते. तर चढ लागल्याबरोबर इंजिन असं बोंबलायला लागलं, मला वाटलं आता उडतोय आपण... आणि बाइक जागच्या जागी! शेजारून एक आजोबा काठी टेकत टेकत आमच्या पुढे निघून गेले! इस्त्रीवाला दुकान सोडून बघायला बाहेर आला, आणि आमचे हे भर रस्त्यात मला म्हणतात कसे, “तू जरा उतरतेस का?”

उतरले. आणि मी उतरल्यावर, रखडत का होईना, गेली की हो मेली वर! इस्त्रीवाला अशी मान डोलवत आत गेला, जणू त्याला सगळं समजलं. त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलं. आठवडाभर उपाशी राहून पुन्हा मागे बसले, तर पुन्हा आपलं “तू जरा उतरतेस का?” म्हणजे स्वतःचा उशीर माझ्या वजनावर ढकलायचा! आता मला सांगा, संशय येणार नाही का?

शेवटी यांना धरून गॅरेजवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, “ऑइल कुठलं घातलंत?” आणि हे आपले छताकडे बघतायत! अहो, बोला ना, म्हटलं, लपवताय काय? तर हळूच म्हणाले, “हिच्या भावाने दिलेलं. त्याच्या कारचं उरलं होतं.”

माझा भाऊ! ...आता दिलं होतं खरं त्याने, आणि कारचं म्हणजे भारीच असणार म्हणून मीच यांच्या मागे लागले होते. गॅरेजवाला म्हणतो, “वहिनी, बाइकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरलं तर चाक फिरणार. हे कारचं ऑइल पडलं जास्त निसरडं, प्लेटा धरतायत कुठे, नुसत्या घसरतायत!” मी यांच्याकडे वळले, म्हटलं, अहो, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणे, “शंका होती. पण तुझ्या माहेरच्या वस्तूला नावं कोण ठेवणार?” बघा! बायकोला भर रस्त्यात उतरवायला हे घाबरत नाहीत, मेव्हण्याच्या डब्याला घाबरतात!

असो. ऑइल बदललं, प्लेटा बदलल्या, आणि इस्त्रीवाल्याच्या नाकासमोरून मी मागे बसून तो चढ मुद्दाम दोनदा चढायला लावला! हे वेळेवर यायला लागले, मी पोटभर जेवायला लागले, माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, उगाच संशय घेतला म्हणून वाईटसुद्धा वाटलं.

आता डब्यात थोडं ऑइल उरलेलं. भावाचं, टाकवेना. तर हेच म्हणाले, “राहू दे गं, मी लावतो कामाला.” आणि सुट्टीच्या दिवशी मांडी घालून बसून, इतक्या मायेने, घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना घातलं हो त्यांनी! पुढच्या दाराला तर दोनदा.

काल मी स्वयंपाकघरात कान देऊन बसलेय, आता येतील, मग येतील... कंटाळून बाहेर येऊन बघते तर हे कोचावर पाय पसरून घोरतायत! हलवून विचारलं, अहो, कधी आलात? डोळेसुद्धा न उघडता म्हणाले, “कधीच!”

आता मला सांगा...